आजोबांच्या कॅसेटी आणि चोरीचं कलम

परवा तू थैलीभर कॅसेटी घेऊन माझ्या ऑफिसात आलास तेव्हा बाहेर जमिनीच्या तंट्यातले तिघे पक्षकार ताटकळत होते, म्हणून ‘निवांत लिहून पाठवतो’ म्हणालो. आज रविवार आहे, लिहायला बसलो.

तुझी हकिगत अशी. आजोबा गेल्यावर त्यांच्या खोलीत दोनशेच्या वर कॅसेटी निघाल्या. काही ग्वाल्हेरच्या हजिऱ्याला तानसेन समारोहात, थंडीत कुडकुडत, मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या. काही लष्कर भागातल्या घरगुती बैठकींतल्या, काही आकाशवाणीवरून भरलेल्या आणि बऱ्याचशा कुणाच्या तरी विकतच्या कॅसेटीवरून उतरवलेल्या. तू त्या संगणकावर घेतल्यास, गाणं शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेक टाकायला लागलास, आणि आठवड्याभरात एकाने सुनावलं, ‘ही सरळ चोरी आहे.’ तुझे बाबा म्हणतात, ‘कुणाचं काय कमी झालं?’ आणि जिना उतरता उतरता तू हळूच हेही विचारलंस की टेलिग्रामवरून सिनेमा उतरवला तर ती चोरी का.

मी तीस वर्षं इथल्या जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात फौजदारी कामं करतो. कॉपीराइटची प्रकरणं त्यांत मूठभरच, पण ती दोन्ही अंगांनी लढलो आहे. कधी मोबाइलच्या चिपमध्ये गाणी भरून देणाऱ्या पोराकडून, कधी ज्याचं गाणं परस्पर वापरलं गेलं त्या गाणाऱ्याकडून. त्यामुळे आधीच सांगतो: ग्रुपवरचा तो मुलगा कायद्यात चुकला आहे आणि तुझे बाबा हिशेबात चुकले आहेत.

चोरीची व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७८ ला होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आली, पण गाभा तोच. जंगम मालमत्ता हवी, ती दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असावी, त्याची संमती नसावी, घेणाऱ्याच्या मनात लबाडी असावी आणि ती वस्तू जागची हलावी. व्याख्येखालच्या उदाहरणांतलं एक मला फार आवडतं. मित्र घरी नसताना तू त्याच्या संग्रहातलं पुस्तक नुसतं वाचायला म्हणून उचलून आणलंस. त्याची मूक संमती असणार असं तुला वाटलं असेल, तर ती चोरी नाही. (आमच्या घरून अशा मूक संमतीने गेलेली पुस्तकं कधी परत आली नाहीत, पण तो वेगळा दावा.)

ताबा सुटणं म्हणजे काय, यावर एक जुना निकाल आहे, प्यारेलाल भार्गव यांचा. अलवरच्या एका सरकारी कार्यालयातल्या अधीक्षकाने एक फाइल थोड्या वेळापुरती बाहेर काढली, मित्राने तिच्यातले कागद बदलले, फाइल परत जागेवर आली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही चोरीच, कारण काही तासांसाठी का होईना, कार्यालयाच्या हातून फाइल गेली होती. आता समज, तोच अधीक्षक टेबलाशी बसून अख्खी फाइल हाताने उतरवून घेता. दुसरा एखादा गुन्हा कदाचित झाला असता, चोरी झाली नसती. फाइल तिथेच होती.

याहून पटणारं उदाहरण आपल्या गल्लीतलं आहे. उन्हाळ्यात तारांवर कटिया, म्हणजे आकडा, टाकून कूलर चालवणारे तू पाहिले आहेस. विजेची चोरी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पण १९६५ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वीज ही दंड संहितेच्या अर्थाने जंगम मालमत्ता नव्हेच. तिची चोरी होते ती फक्त विजेच्या कायद्याने ‘याला चोरी समजावे’ असं वेगळं लिहून ठेवल्यामुळे. म्हणजे विजेसारख्या, मीटरवर मोजता येणाऱ्या आणि वापरली की संपणाऱ्या गोष्टीलाही चोरी म्हणण्यासाठी कायद्याला मुद्दाम एक कलम घालावं लागलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं कलम कुठेही नाही. तिथे शब्द आहे भंग, हक्कभंग. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ मध्ये, एल्व्हिस प्रेस्लीच्या चोरट्या तबकड्या टपालाने विकणाऱ्या डाउलिंग नावाच्या माणसाच्या खटल्यात, हाच फरक केला: या तबकड्यांना चोरीचा माल म्हणता येणार नाही.

एक बारीक गोष्ट आम्हा वकिलांपुरती. जुन्या संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ हा शब्द होता. नव्या संहितेच्या कलम २(२१) मध्ये तो गाळला आहे. उद्या कुणी सरकारी वकील उभा राहून म्हणेल की आता अमूर्त हक्कही जंगम झाले. म्हणू दे. वस्तू ताब्यातून जायला हवी ही अट तशीच आहे, आणि प्रत काढल्याने मूळ गाणं कुणाच्या ताब्यातून जात नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. बाड्याच्या चौकाजवळ एक पोरगा चिप भरून द्यायचा. दोन हजार सालानंतरच्या दशकात अशी दुकानं सायकल पंक्चरवाल्यांइतकी होती. वीस-तीस रुपये दिले की मेमरी कार्डात शंभर-दीडशे गाणी. एका कंपनीची माणसं पोलीस घेऊन आली, संगणक उचलला, पोराला उचललं. एफआयआरमध्ये कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ आणि सोबत दंड संहितेचं ३७९, म्हणजे चोरीची शिक्षा. पोराची आई माझ्यापुढे रडत होती ती ३७९ ला. ‘वकीलसाहेब, मेरा लड़का चोर नहीं है.’ आरोप निश्चितीच्या वेळी मी एवढंच विचारलं, की चोरीचा माल कोणता आणि ज्याचा माल गेला त्याच्याकडे आज तो नाही का. ३७९ गळालं. ६३ राहिलं, आणि ६३ मला मागे सरायला लावणारं होतं. कारण शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजार ते दोन लाख. नफ्याच्या धंद्यासाठी भंग केला नसेल तर न्यायाधीशाला कारणं लिहून शिक्षा कमी करता येते, पण याचं तर दुकान होतं. शेवटी कंपनीशी समझोता करून उच्च न्यायालयातून प्रकरण रद्द करून घेतलं. पोराचं दुकान त्यात विकलं गेलं.

म्हणून चोरी नाही म्हटल्यावर लगेच सुटल्यासारखं वागू नये. साध्या चोरीला दंड संहितेत किमान शिक्षाच नव्हती. कलम ६३ ला आहे. आणि २०२२ मध्ये ‘निट प्रो’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगून टाकलं आहे. वॉरंटाशिवाय अटक होऊ शकते.

आता बाबांकडे येतो. ‘कुणाचं काय कमी झालं’ हा बचाव ऐकायला बिनतोड वाटतो. पण समज, तुमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर रातोरात कुणी बनियनची जाहिरात रंगवून गेलं. भिंत तिथेच आहे, एक वीटही कमी झालेली नाही. तरी सकाळी बाबा चिडतील, आणि बरोबर चिडतील, कारण त्या भिंतीवर काय रंगवायचं आणि त्याचे किती घ्यायचे हे ठरवणं त्यांच्याकडे होतं. कॉपीराइट तसा आहे: प्रत काढायची की नाही, कुणी, कितीला, हे ठरवण्याचा हक्क. प्रत निघाली की गाणं राहतं, ठरवणं जातं.

आमच्या लहानपणी याची झळ कमी लागायची, कारण प्रतीच वाईट निघत. पुण्याहून कुणी पाहुणा नाटकाची कॅसेट आणायचा, ती एकाकडून दुसऱ्याकडे उतरत जायची, आमच्या घरी पोचेपर्यंत चौथी पिढी. तिच्यात नटांपेक्षा खरखर जास्त. गाण्याच्या कॅसेटींत तर तंबोरा पार बुडालेला असे. ज्याला खरंच ऐकायचं होतं तो कधी ना कधी पैसे साठवून मूळ घ्यायचाच. तू जी फाइल टाकतोस ती हजाराव्या माणसाकडेही तशीच्या तशी पोचते. कायदा कडक होत गेला त्याचं मोठं कारण हे.

‘पैसे कंपनीलाच जातात, कलाकाराला कुठे मिळतात’ हेही तुझ्या बाबांनी म्हटलं असणार. एके काळी त्यात खूप तथ्य होतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता. मग कवी-संगीतकार एकदा पैसे घेऊन बाजूला. आणि कलाकाराची तर त्याहून पंचाईत: १९७८-७९ च्या सुमारास देव आनंद आणि एका चित्रपट कंपनीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की नटाच्या कामावर नटाचा असा वेगळा कॉपीराइट आपल्या कायद्यात नाहीच. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. जावेद अख्तर राज्यसभेत ज्यासाठी भांडले ती २०१२ ची दुरुस्ती झाल्यावर कवी आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा वाटा, सिनेमागृहातल्या प्रदर्शनापलीकडच्या वापरांसाठी, निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून देऊच शकत नाहीत. सहीच केली तरी ती चालत नाही. तेव्हा बाबांचा हा मुद्दा आता पूर्वीइतका खणखणीत राहिलेला नाही.

इथवर कायदा झाला. पण तू ग्वाल्हेरचा, आणि गाण्यातला. आपल्याकडे ही चर्चा कॉपीराइटच्या कितीतरी आधी झालेली आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ गात. तशी तान त्या काळी कुणाची नव्हती, आणि खाँसाहेब ती कुणाला देत नसत. गवई नत्थन पीरबक्षांचे नातू हस्सू आणि हद्दू त्या वेळी कोवळे. सांगतात की महाराजांनीच या पोरांना पडद्याआड बसवून महिनोनमहिने खाँसाहेबांचं गाणं ऐकवलं आणि एक दिवस भर दरबारात गायला लावलं. खाँसाहेबांना आपलीच तान समोरून ऐकू आली. ते संतापले. पुढे त्यांनी डाव साधून हस्सू खाँना अशी अवघड तान पुन्हा घ्यायला लावली की त्यांची बरगडीच गेली, असंही सांगतात. खरं किती, पदरचं किती, कोण जाणे. पण आपल्या घराण्याची जन्मकथा ही आहे. त्या दोघांकडून आणि त्यांच्या शिष्यांकडून गाणं पंडित आडनावाच्या गवयांच्या घरात आलं, वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ते दक्षिणेत नेलं. आज पुण्या-मुंबईत ग्वाल्हेरचं म्हणून जे गातात, त्याची वाट पडद्यामागून निघते.

मी पाच वर्षं गाणं शिकलो, गळ्याने साथ दिली नाही म्हणून वकील झालो. त्या काळात गुरुजींना मी एकदा आगाऊपणे विचारलं, की मग आपलं घराणं चोरीचंच ना? ते पान लावत होते. म्हणाले, ‘चोरली असती तर आज तुला मोहम्मद खाँचं नाव माहीत असतं का रे?’

हे उत्तर मला वकिली शिकताना कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, पण मराठीत सापडलं. कुणी दुसऱ्याची कविता उतरवून वहीत ठेवली तर आपण त्याला चोर म्हणत नाही. तीच कविता स्वतःच्या नावावर छापली तर आपल्याकडे शब्द आहे: वाङ्मयचौर्य. गवयांतही तसंच. चीज म्हणजे बंदिश. ‘चीज उचलली’ म्हणजे नुसती ऐकून घेतली. ती तर सगळेच घेतात. ‘चीज चोरली’ म्हणजे कुणाची ते लपवलं, किंवा शेवटी कर्त्याचं नाव येतं तिथे आपलं घातलं. भाषेने चोरी कशाला म्हणायचं ते ठरवलं आहे. हलवता येण्यासारखी, एकाकडून जाऊन दुसऱ्याकडे येण्यासारखी गोष्ट गाण्यात एकच असते, नाव.

संगीतशास्त्री विष्णु नारायण भातखंड्यांचं बघ. तेही मूळचे वकील, कराचीला काही काळ वकिली केलेले. देशभर फिरून उस्तादांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, छापून खिशात चार-आठ आणे असलेल्या पोरालाही उघड्या केल्या. काही घराण्यांना ते लुटल्यासारखं वाटलं. १९१८ मध्ये त्याच पद्धतीवर माधव संगीत महाविद्यालय आपल्याकडे निघालं, त्यात माझी आई शिकली. मी या वादात कायम भातखंड्यांच्या बाजूचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे माझं पुढचं मत कुठून येतं ते तुला कळेल.

आणि गंमत अशी की कायद्याने त्या उस्तादांचं ऐकूनही घेतलं नसतं. १९५७ च्या कायद्यात ‘संगीतकृती’ म्हणजे स्वरांची लिहिलेली, छापलेली किंवा चिन्हांत उतरवलेली रचना. जी बंदिश गळ्यातून गळ्यात गेली, कागदावर आलीच नाही, ती त्या व्याख्येत बसत नव्हती. १९९४ मध्ये ही लिहिण्याची अट निघाली. अलीकडे, २०२३ मध्ये, ध्रुपद गाणाऱ्या डागर घराण्याच्या वारसाने एका तमिळ चित्रपटातल्या गाण्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. २०२५ च्या एप्रिलमध्ये एकल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, सप्टेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो फिरवला. त्यातही पहिल्या आदेशातला महत्त्वाचा भाग गाण्याखाली नाव कुणाचं द्यायचं हाच होता.

आता तुझ्या थैलीतल्या कॅसेटी. सगळ्यांना एक उत्तर नाही.

समारोहात आणि बैठकींत आजोबांनी स्वतः भरलेल्या सगळ्यात मौल्यवान, आणि कायद्यातही त्याच सगळ्यात मजेदार. प्रयोगकर्त्याच्या परवानगीविना त्याचं गाणं मुद्रित करणं हा त्याच्या हक्काचा भंग; पण कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ म्हणतं की मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ खऱ्याखुऱ्या शिक्षणासाठी, संशोधनासाठी केलं तर भंग नाही. म्हणजे मांडीवर टेपरेकॉर्डर घेतलेले आजोबा निर्दोष. इतकंच काय, ध्वनिमुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची तो ‘निर्माता’ या व्याख्येने आजोबाच त्या मुद्रणाचे निर्माते ठरतात. हसू नकोस, मी हे न्यायालयात मांडायला तयार आहे. अडचण पुढे आहे. सवलत ‘स्वतःच्या’ वापराची आहे, ग्रुपच्या नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कृतीची प्रत काढणं कलम ५२ मध्ये चालतं, आणि २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीच्या दुकानाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने ते चांगलं सैल हाताने वाचलं. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असंही बजावलं. त्या दोरीला धरून मी तुझ्यासाठी उभा राहीन. पण न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील: ग्रुपमध्ये माणसं किती आणि त्यांतली शिकणारी किती? तू म्हणालास एकशे साठ. त्यांत तुझे मामा आहेत, तो गजक-मिठाईवाला आहे. दहा-बारा शिकणाऱ्यांचा वेगळा ग्रुप कर.

आणि कायदा बाजूला ठेवून सांगतो, ज्यांचं गाणं आहे त्यांच्या घरी जा. ग्वाल्हेर केवढं? निम्मी घरं तुला सायकलवर गाठता येतील. बैठकीत माणूस जसा गातो तसा तो मैफलीत गात नाही. आवाज लागलेला नसतो, मध्येच तबलजीला शिवी जाते, एखादी तान फसते. ते जगापुढे यावं की नाही हे त्यांच्या माणसांनी ठरवू दे. माझा अनुभव असा की दहांत आठ जण डोळ्यांत पाणी आणून हो म्हणतात आणि स्वतःसाठी एक प्रत मागतात. जे नाही म्हणतील त्यांचं नाही ऐक.

आकाशवाणीवरून भरलेल्यांत प्रसारणाचा हक्क पंचवीस वर्षांचा, तो बहुतेकांचा सरला असेल. गाणाऱ्याचा हक्क पन्नास वर्षांचा, तो पाहावा लागेल. विकतच्या कॅसेटींवरून उतरवलेल्यांचं सगळ्यात सरळ आहे: स्वतः ऐक. २०१२ पासून खासगी वापराची सवलत ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली, आधी ती नव्हती. ग्रुपवर टाकू नकोस. ज्या पहिल्यांदा १९६० पर्यंत प्रसिद्ध झाल्या त्या ध्वनिमुद्रणांची साठ वर्षं उलटली, त्यांतले पारंपरिक ख्याल खुशाल वाट. सिनेमाची किंवा भावगीतं असतील तर थांब, कारण शब्द आणि चाल यांचे हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात आणि ते मुद्रणापासून वेगळे.

जाता जाता, दरवर्षी गणपतीआधी मंडळाची मुलं विचारतात म्हणून: खऱ्या धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत गाणी वाजवणं कायद्यातच मोकळं आहे. शेजाऱ्यांच्या कानांचा कायदा वेगळा.

सिनेमाचं मात्र मला तुझी बाजू घ्यायला जमत नाही. घरी बसून नुसता पाहिलास म्हणून पोलीस येतील अशी भीती घालणार नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की गुन्हा पाहण्यात नाही, विनापरवाना वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, भाड्याने-विकत देण्यात आहे. पण टॉरेंटने उतरवतोस तेव्हा तुझा संगणक त्याच वेळी तुकडे तुकडे इतरांना पाठवतही असतो. म्हणजे तू वाटणारा झालास. टेलिग्रामवर चॅनेल चालवणाऱ्यांना वाटतं आपण पडद्याआड आहोत. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कंपनीला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती उघड करायला लावली. आणि टॉकीजमध्ये मोबाइल वर करून सिनेमा टिपणं २०२३ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे: तीन महिने ते तीन वर्षं कैद, दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत.

तुझी एक तक्रार रास्त आहे. मराठी सिनेमा ग्वाल्हेरच्या टॉकीजला लागतच नाही, लागला तर सकाळच्या एका खेळाला, तोही शुक्रवारचा रविवारी उतरतो. मग इथल्या मराठी माणसाने करायचं काय? मिळत नाही हा कायद्यात बचाव नाही, पण माणूस म्हणून मला तो अर्धा पटतो. अर्धाच, कारण तू ज्या सिनेमांची नावं घेतलीस त्यांतले बरेच सहा महिन्यांत कुठल्या ना कुठल्या ॲपवर येतात. तुला मिळत नाही असं नाही, आज मिळत नाही. छोट्या मराठी निर्मात्याला ॲपकडून जे चार पैसे येतात ते बऱ्याचदा किती जणांनी पाहिला यावर ठरतात, आणि टेलिग्रामवर पाहणारा त्या मोजणीत येत नाही.

शेवटचं काम, आणि हे तू चुकीचं करतो आहेस. ग्रुपवर टाकलेल्या फाइलींची नावं मी पाहिली: ‘ऑडिओ ०१७’, ‘यमन छान’. आजोबांनी प्रत्येक कॅसेटीवर निळ्या शाईत गाणाऱ्याचं, तबला-पेटीवाल्याचं नाव, तारीख, जागा लिहिली आहे. एकीवर तर ‘रात्री अडीच, वीज गेली, गाणं चालू’ असंही आहे. ते सगळं तुझ्या फाइलींतून गेलं. प्रयोगकर्त्याला आपलं नाव लागण्याचा हक्क कलम ३८-ख मध्ये आहे. डिजिटल फाइलीवरची अशी माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकण्याला ६५-ख मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तू जाणूनबुजून केलं नाहीस, ठाऊक आहे. पण महिनाभरात ‘यमन छान’ कुणाच्या तरी चॅनेलवर दुसऱ्याच नावाने वाजेल, आणि तेव्हा तो ग्रुपवरचा मुलगा बरोबर ठरेल. आधी प्रत्येक कॅसेटीच्या पट्टीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ, फाइलीला पूर्ण नाव दे, मग पुढचं.

एक्केचाळीस नंबरच्या कॅसेटीवर फक्त ‘बैठक, दौलतगंज’ एवढंच आहे. काल रात्री ऐकली. जयजयवंती आहे आणि आवाज ओळखीचा वाटतो, पण नाव जिभेवर येत नाही. आईला ऐकवतो, तिचे कान अजून शाबूत आहेत. तोवर ती पाठवू नकोस कुणाला.